बिनमिठाच्या प्लेटा

तपासायला आणायची कोळंबी आजारी असावी, एवढी साधी गोष्ट तळेवाल्यांच्या गळी उतरवायला मला दोन वर्षं लागली. आधी शाळेच्या फोटोला मुलं उभी करावीत तशी निवडून आणायचे. टपोरी, चकचकीत, मिशा शाबूत, पाठीतली आतड्याची काळी रेघ डोक्यापासून शेपटीपर्यंत भरलेली. आणि वर म्हणायचे, "ताई, बघा ना, पटापट मरतायत हो." मी म्हणायचे, "ही मरणारी दिसते तुम्हाला? ही मलाच पोचवून परत येईल." पण लोकांना लाज वाटते. आपल्या तळ्यातलं वाईट दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायचं म्हणजे घरातलं भांडण चव्हाट्यावर आणल्यासारखं वाटतं. शेवटी मी लॅबच्या दारावर पाटी लावली: 'सुंदर कोळंबी घरी खावी. इथे रोगट आणावी.' त्यानंतर जरा फरक पडला.

सांगायचा मुद्दा हा, की लाजेपोटी खरं लपवणाऱ्यांवर मी सहा वर्षं मनसोक्त तोंडसुख घेतलं. माझ्यावर पाळी आली तेव्हा कळलं, ते किती सोपं असतं.

माझं काम असं. कोळंबी कापायची, पाठीतून दोऱ्यासारखं आतडं ओढून काढायचं, खारट पाण्यात वाटायचं आणि त्यातला थेंब प्लेटवर पसरायचा. प्लेट म्हणजे तळहाताएवढी झाकणाची बशी, तिच्यात पीठ पाण्यात कालवून केलेला जेलीसारखा थर ओतलेला असतो. ते जंतूंचं जेवण. दुसऱ्या दिवशी त्यावर ठिपके उगवतात. कोळंबीच्या आतड्यात नाना जातीचे जंतू नांदतात. बरेचसे बिचारे पचनाला हातभार लावतात, काही आगलावे असतात. आगलाव्यांना उचलून दुसऱ्या प्लेटवर सारवायचं आणि वर कागदाच्या सहा टिकल्या ठेवायच्या, एकेका टिकलीत एकेक औषध. तिसऱ्या दिवशी बघायचं. जंतू औषधाला घाबरत असला तर टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. जुमानत नसला तर तो थेट टिकलीला जाऊन खेटतो. पट्टी लावून वर्तुळ मोजायचं. वर्तुळ मोठं म्हणजे औषध लागू. एवढीच विद्या. बारावी नापास बाईलासुद्धा जमते, म्हणजे मला.

ही विद्या मी माणसांच्या दवाखान्यात शिकले. अकरा वर्षं लघवी आणि पू यांच्या प्लेटा ओतल्या. मग कोळंबीची ही लॅब निघाली आणि घराजवळ म्हणून मी इकडे आले. लॅब चालवणारे सर नवीनच डॉक्टरेट घेऊन आले होते, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांना पुस्तकं माहीत होती, मला प्लेटा. त्यांनी मला विचारलं, "दुसऱ्या प्लेटचं पीठ कशात कालवायचं?" मी पुडक्यावरचं वाचून दाखवलं: शुद्ध पाण्यात. दवाखान्यात मी तसंच कालवत होते. झालं. सहा वर्षं मी शुद्ध पाण्यात कालवलं आणि सरांनी खाली सही केली.

आता माझ्या धाकट्या भावाचं सांगते, कारण या सगळ्यात सगळ्यात जास्त चटका त्याला बसला.

आमच्याकडे एका कालव्यावर अकरा तळी आहेत. मालक वेगवेगळे, त्यातली चार आमची, पण पाणी एक, पंप एक आणि हुकूमही एकाचाच, आमच्या बाबांचा. बाबा बोलले की अकरा तळ्यांवरची, पाण्यात हवा खेळवणारी चाकं एकदम फिरायला लागतात आणि एकदम थांबतात. आमची चार तळी त्यांनी धाकट्याच्या हातात दिली होती. धाकटा माझ्यासारखा नाही. मी एक बोलायला गेले तर चार बोलून येते, तो चार बोलायला जातो आणि एक गिळून परत येतो. पण कोळंबी त्याला कळते. पाण्याच्या रंगावरून, चाळणीत उरलेल्या खाद्यावरून, विष्ठेच्या दोऱ्यावरून तो सांगायचा, उद्या काय होणार.

तीन वर्षांपूर्वी आमच्या तळ्यांवर पांढरे दोरे तरंगायला लागले. कोळंबीची विष्ठा पांढरी पडली की समजायचं, आतडं बिघडलं. मी तपासलं. सहांतल्या पिवळ्या औषधाचं वर्तुळ चोवीस मिलिमीटर आलं. इतकं ऐसपैस वर्तुळ मी क्वचितच पाहिलं होतं. रिपोर्ट गेला, धाकट्याने सात दिवस औषध खाद्याला चोळून घातलं, आणि चारातली तीन तळी बसली. सकाळी काठावर जाळीने मेलेली कोळंबी ओढायची आणि दुपारी पुन्हा ओढायची, असे नऊ दिवस गेले.

बाबांनी लॅबमध्ये फोन केला. मी सांगितलं, "औषध लागू आहे. मी स्वतः मोजलंय. काही चुकलं असेल तर कालवण्यात चुकलं असेल."

ते वाक्य माझं. कोणी माझ्या तोंडी घातलेलं नाही.

धाकटा दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आला. म्हणाला, "ताई, मी दोनदा वजन केलं. तेल बरोबर होतं, औषध बरोबर होतं, सावलीत वाळवलं होतं. हात नाही चुकला माझा." मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. प्लेट त्याच्या नाकासमोर धरली आणि म्हणाले, "हे बघ वर्तुळ. यात कुठे खोट दिसते का?" त्याला काय दिसणार? तो प्लेटकडे बघत राहिला, मग गेला. बाबांनी तळी चुलतभावाच्या ताब्यात दिली आणि धाकट्याला खाद्याच्या शेडमध्ये, दुसऱ्याने मोजून दिलेलं खाद्य कालवायचा ढोल फिरवायला बसवलं. "त्याला हात नाही," असं बाबा चारचौघांत म्हणायचे, तो समोर असताना. तीन वर्षं म्हणत होते. मी ऐकून घेत होते. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

आता या आठवड्याकडे येते.

सोमवारी कालव्यावरच्या अकराही तळ्यांची कोळंबी आली, या वेळी खरोखर रोगट. पाठीतली रेघ तुटक, आतडं पिचपिचीत. बुधवारी वर्तुळं मोजली. पिवळं औषध बावीस मिलिमीटर. सरांनी रिपोर्टवर 'लागू' लिहिलं, सही केली, बाबांनी हुकूम सोडला: शनिवारी दुपारच्या खाद्यापासून सगळ्या तळ्यांवर औषध.

रिपोर्ट गेल्यावरही पडताळ्याची एक प्लेट लावायची मला खोड आहे. कोणी सांगितलेलं नाही, खोडच. गुरुवारी त्या प्लेटसाठी पीठ काढलं आणि बघते तर शुद्ध पाण्याचं यंत्र बंद. आतली कॉइल जळालेली. कॅनमध्ये थेंब नाही. शेजारी आतडी वाटायच्या खारट पाण्याचा कॅन होता, काठोकाठ भरलेला. बाटल्या धुणाऱ्या काकू म्हणाल्या, "अगं, पाण्याला पाणी. घाल की." मीही कंटाळले होते. म्हटलं पडताळ्याचीच तर प्लेट, बिघडली तर बिघडली. घातलं.

शुक्रवारी सकाळी झाकण उघडलं तर वर्तुळ नाही. एकही नाही. सहा टिकल्या आणि सहाही टिकल्यांना खेटून जंतूंचा जाड, ओशट थर, दुधावर साय धरावी तसा.

मी पहिली शिवी मला घातली, दुसरी यंत्राला. काहीतरी सांडलं असेल, टिकल्या जुन्या असतील. टिकल्यांच्या डबीवरची तारीख बघितली, ठीक होती. मग एक विचार आला. खारं पाणी. कोळंबी खाऱ्या पाण्यात वाढते. तिच्या आतड्यातला हा जंतू खाऱ्या पाण्यातलाच. त्याला मीठ लागतं. मी त्याला सहा वर्षं माणसाच्या जंतूचं जेवण वाढत होते, बिनमिठाचं. त्याच्यावर तो जगत होता, पण कसाबसा, विरळ, मरतुकडा. आणि उपाशी पहिलवानाला कोणीही आडवं करतं. वर्तुळं मोठी येत होती ती औषधाच्या जोरामुळे नाही, जंतूच्या उपासमारीमुळे. तळ्यात त्याला मीठ भरपूर. तिथे तो औषधाला भीक घालत नव्हता.

पण नुसता विचार येऊन काय उपयोग? मीठ औषधाचाच जोर मारत असेल तर? म्हणून मी शुक्रवारी नीट मांडणी केली. यंत्राला नवी कॉइल बसवून घेतली, निम्म्या प्लेटा बिनमिठाच्या, निम्म्या मिठाच्या. दोन्हींवर तळ्यातला आगलावा. आणि दोन्हींवर आमच्या फ्रीजमधला ओळखीचा जंतू. हा प्रत्येक लॅब बाळगते. त्याला मीठ असो नसो, फरक पडत नाही, आणि त्याचं वर्तुळ किती यायला हवं ते कागदावर ठरलेलं असतं. त्याचं वर्तुळ मिठाच्या प्लेटवरही बरोबर आलं, तर औषध शाबूत आहे आणि मी चुकलेय.

शनिवारी सकाळी पट्टी लावली. ओळखीचा जंतू, बिनमिठाची प्लेट: बरोबर. ओळखीचा जंतू, मिठाची प्लेट: एक मिलिमीटर कमी, तरी हद्दीत. आगलावा, बिनमिठाची प्लेट: बावीस. आगलावा, मिठाची प्लेट: शून्य.

मी चुकले होते. एकदा नाही, सहा वर्षं, रोज, दोन्ही हातांनी, मन लावून.

मला रडू आलं नाही, राग आला. स्वतःचा, पुडक्याचा, माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाचा. आणि घड्याळाकडे बघितलं तर साडेदहा वाजले होते. दुपारचं खाद्य एक वाजता पडतं.

प्लेटा घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी बघितल्या. माणूस हुशार आहे, मला दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलावं लागलं नाही. चेहरा उतरला. मग म्हणाले, "मिठामुळे काही औषधांचा जोर कमी होतो, ताई. पुस्तकात आहे."

"म्हणून तर ओळखीचा लावला," मी म्हणाले. "त्याचं वर्तुळ बघा."

त्यांनी स्वतः पट्टी लावली. दोनदा. मग पट्टी खाली ठेवली, उठून दार लावलं.

"असं करू," ते म्हणाले. "सोमवारपासून मीठ घालायला लागू. तुम्ही शोधलंत, फार चांगलं केलंत. पण मागचं उकरून काढण्यात अर्थ नाही. सहा वर्षांचे रिपोर्ट आहेत, ताई. त्यावर माझ्या सह्या आहेत."

"आज एक वाजता औषध पडतंय."

"गेली सहा वर्षं पडतंयच की."

"आणि गेली सहा वर्षं मरतायतच की!" माझा आवाज चढला. "सर, ते औषध आगलाव्याला शिवत नाही. मारतं कोणाला? आतड्यातल्या चांगल्या जंतूंना. म्हणजे आपण चोराला मोकळं सोडतोय आणि वाड्यातले राखणदार कापून काढतोय."

"हळू बोला."

"का? खरं हळू बोलायचं असतं का?"

ते खुर्चीत बसले. ओरडले नाहीत, ओरडणारा माणूसच नाही तो. अगदी समजुतीने म्हणाले, "लोक तुम्हालाच धरतील. प्लेटा तुम्ही ओतता. तुमचं स्वतःचं घर आहे त्या कालव्यावर. भावाचं काय झालं ते मला माहीत आहे. हे बाहेर पडलं तर तुमच्या घरात काय होईल, विचार केलाय? आणि ही लॅब बंद पडली तर दहा जणांच्या पोटावर पाय येईल. खाल्ल्या मिठाला जागा जरा."

"त्या मिठालाच जागतेय, सर," मी म्हणाले. "सहा वर्षं उशिरा."

खोटं कशाला बोलू, सर म्हणाले तो विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. सोमवारपासून गुपचूप चिमूटभर मीठ. कोणाला कळणार होतं? वर्तुळं लहान झाली असती, लोक म्हणाले असते, जंतू आता शिरजोर झालेत, काळच वाईट आलाय. धाकटा ढोल फिरवत राहिला असता. मी त्याच्या मुलांना खाऊ नेत राहिले असते. इतकं सोपं होतं की मला स्वतःची किळस आली.

मी प्लेटांची झाकणं चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद केली आणि डब्यात ठेवली. लॅबमधली प्लेट बाहेर नेऊ नये, हा नियम दारावर मीच चिकटवलेला आहे. माझ्या पाटीखाली, लाल अक्षरात. सर दारापर्यंत आले.

"त्या घेऊन बाहेर पडलात तर सोमवारी येऊ नका."

"सोमवारी मी नऊ वाजता येते," मी म्हणाले. "काढायचं असेल तर तेव्हा काढा, सगळ्यांसमोर, कारण सांगून."

काकू बाटल्या धूत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, दार लावून काय होतंय? मला म्हणाल्या, "गाडी सावकाश चालव. डोकं तापलंय तुझं." मी सावकाश चालवली नाही.

शेडमध्ये पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. पत्र्याखाली उकडत होतं, माशाच्या तेलाचा वास नाकात बसत होता. खाद्याच्या गोण्या थप्पीने लावलेल्या. धाकटा ढोलापाशी होता, कोपरापर्यंत तेलाने माखलेला, आणि बाजूला पिवळ्या भुकटीच्या पिशव्या, त्यातल्या दोन फोडलेल्या. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर, काठी गुडघ्यांत धरून. पाच-सहा तळेवाले आपापल्या बादल्या घेऊन रांगेत उभे. चुलतभाऊ वजन करत होता.

"थांबवा," मी म्हणाले. "ढोल थांबवा. औषध घालायचं नाही."

सगळ्यांनी आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. धाकट्याने बटण दाबलं. ढोल करकरत थांबला.

"तूच तर रिपोर्ट दिलास," बाबा म्हणाले.

"दिला. चुकीचा दिला."

मी गोण्यांच्या थप्पीवर दोन प्लेटा मांडल्या आणि सांगितलं, झाकण कोणी उघडायचं नाही, नुसतं वरून बघायचं. हा तुमच्या तळ्यातला जंतू. दोन्हीकडे तोच. ही प्लेट मी नेहमी करते तशी, बिनमिठाची. ही मिठाची, तुमच्या तळ्यासारखी. आता टिकल्यांभोवती बघा. एकेक जण वाकून बघून गेला. कळायला डॉक्टरेट लागत नव्हती. इकडे मोकळी वर्तुळं, तिकडे काही नाही.

"म्हणजे हे औषध?" चुलतभावाने विचारलं.

"चालत नाही. हे नाही, बाकीची पाचही नाहीत. घातलंत तर चांगले जंतू मरतील आणि आगलाव्याला रान मोकळं होईल. तळी आणखी लवकर बसतील."

"केव्हापासून असं चुकतंय?" मागून कोणीतरी विचारलं. पलीकडच्या दोन तळ्यांचे मालक होते. गेल्या वर्षी त्यांची दोन्ही गेली होती.

"लॅब निघाली तेव्हापासून. सहा वर्षं."

"कोणाची चूक? त्या सरांची ना?"

इथे मला मान हलवता आली असती. सही त्यांचीच होती.

"सर सही करतात," मी म्हणाले. "प्लेट मी ओतते. चूक माझी. मी माणसांच्या लॅबची पद्धत उचलून इथे आणली आणि कोळंबी माणूस नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही."

मग जे व्हायचं ते झालं. एकाने बादली आपटली. कोणी म्हणालं, सहा वर्षं आम्हाला रोगट आणा, रोगट आणा म्हणून अक्कल शिकवत होती. कोणी म्हणालं, हिच्या घरच्यांना आधी कळलं असेल. पलीकडच्या तळ्यांचे मालक माझ्याकडे बघत राहिले, आणि ते मला सगळ्यात जड गेलं. मी उभी राहिले. बोलणं त्यांचं होतं, ऐकून घेणं माझं होतं, आणि ते संपेपर्यंत मी खाली बघितलं नाही. चोरी केली नव्हती. चूक केली होती आणि सांगायला आले होते.

"झालं?" मी शेवटी म्हणाले. "आता अजून एक राहिलंय, ते मला सगळ्यांसमोर सांगायचंय. तीन वर्षांपूर्वी आमची तळी बसली तेव्हा मी बाबांना म्हणाले होते, कालवण्यात चुकलं असेल. ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण होतं खोटंच. औषध कसंही कालवलं असतं तरी तळी बसणारच होती. याचा हात चुकला नव्हता. बाबा, तुम्ही तीन वर्षं म्हणताय, त्याला हात नाही. आजपासून म्हणायचं नाही."

बाबांना असं कोणी बोलत नाही, मीसुद्धा नाही. त्यांची काठी जमिनीवर एकदा वाजली. ते धाकट्याकडे बघत नव्हते. ढोलाकडे बघत होते.

मी धाकट्याकडे वळले. मला वाटलं होतं, तो रडेल किंवा मिठी मारेल. निदान सुटल्यासारखा तरी दिसेल. माणूस असाच विचार करतो, आपण कबूल केलं की समोरच्याने लगेच हलकं व्हावं.

"हे मला नको सांगूस," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

"काय?"

"माझा हात चुकला नव्हता ते. मी तुला सांगितलं होतं. दोनदा वजन केलं म्हणून सांगितलं होतं." आवाज अजिबात चढला नव्हता. "तू प्लेट दाखवलीस."

मी थप्पीवरच्या प्लेटा उचलून डब्यात ठेवल्या. 

"आणि दुसरं," तो म्हणाला, आता बाबांकडे बघत. "तेव्हा चारातलं एक वाचलं. कोपऱ्यातलं. त्याला मी औषध घातलंच नव्हतं."

चुलतभावाने वजनकाट्यावरची गोणी खाली घेतली.

"पहिल्या तीन दिवसांतच बाकीची जास्त मरायला लागली. मला दिसत होतं. कोपऱ्यातल्यात दोरे उशिरा आले, म्हणून त्याला औषध सुरूच केलं नाही. खाद्य निम्मं केलं, तळाचा गाळ रोज उपसला, अर्धं पाणी बदललं. पंधरा दिवसांत दोरे पुन्हा काळे झाले."

"तेव्हा का बोलला नाहीस?" बाबांनी विचारलं. तीन वर्षांत त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न असेल.

"काय बोललो असतो? रिपोर्टमध्ये औषध लागू होतं. तुम्ही म्हणाला असता, याने एका तळ्यात औषधच घातलं नाही, मग बाकीच्यांत तरी काय घातलं असेल." तो थांबला. "म्हणाला असता की नाही?"

सगळेच म्हणालो असतो. मी सगळ्यांच्या आधी.

साडेबारा होऊन गेले होते. दोन गोण्यांना औषध चोळून झालं होतं, तळी बाहेर उन्हात चकाकत होती आणि त्यातली कोळंबी काही आमच्या घरगुती हिशेबासाठी थांबणार नव्हती. पलीकडच्या तळ्यांच्या मालकांनी बादली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"मग आता काय करायचं?" बाबांनी मला विचारलं.

सांगता आलं असतं. खाद्य कमी करा, पाणी बदला, हे मलाही पुस्तकापुरतं माहीत आहे. सवयीने तोंडही उघडलं होतं.

"मला काय विचारताय?" मी म्हणाले. "माझ्या सांगण्यावर तीन तळी गेली. ज्याने एक वाचवलं त्याला विचारा."

बाबांना वेळ लागला. त्यांनी चुलतभावाकडे बघितलं, तो वजनकाट्याकडे बघत होता. तळेवाल्यांकडे बघितलं, ते धाकट्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी उचलून ढोलाच्या दिशेने वळवली, पुन्हा बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बोल. काय करायचं?"

धाकट्याने खुंटीवरचं फडकं घेतलं. आधी एक हात पुसला, कोपरापासून बोटांपर्यंत, मग दुसरा, मग बोटांच्या बेचक्या. सावकाश, जराही घाई न करता, आणि तेवढा वेळ बाबांना थांबावं लागलं.